फोनवरून घरी येणारे काका

आमच्या वर्गणीकाकांनी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जितक्या घरांतला चहा घेतलाय, तितक्या घरांत निवडणुकीतला उमेदवारसुद्धा गेला नसेल, आणि एक घर सोडलं तर यातल्या एकाही घराचा दरवाजा काकांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही. काका सगळीकडे फोनवरून जातात. 'फोन करतात' असं मी मुद्दाम लिहीत नाही. फोन आपण करतो, पलंगावर लोळत, गाऊनवर, एका हाताने मटार सोलत. काका जातात. रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना पाणी लावून ते आमच्या अभ्यासिकेत येतात, चपला दाराबाहेर काढतात, मोबाइल टेबलावर उभा करून ठेवतात, त्याच्यासमोर खुर्ची ओढतात आणि पलीकडून कुणी वयाने मोठं बोलायला लागलं की खुर्चीतून उठून उभे राहतात. मी एकदा म्हटलं, काका, त्यांना दिसत नाही. तर म्हणाले, "माका दिसता ना."

अभ्यासिकेचं आधी सांगते. जोगेश्वरी पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. ज्यांच्या घरी एकाच खोलीत आजीचा खोकला, बापाचा टीव्ही आणि आईचा मिक्सर एकदम चालू असतो, त्या पोरांनी तिथे यायचं, पंख्याखाली बसायचं आणि अभ्यास करायचा. फी नाही. मी तिथेच बसून बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. ही गोष्ट मी बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते, तर इथे कशाला लपवू? आता नोकरी करते आणि रविवारी अभ्यासिकेचं काम बघते. सगळा कारभार देणगीदारांच्या जिवावर चालतो आणि त्या देणगीदारांकडे मागायचं काम काकांचं. काका मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, जन्म परळच्या चाळीत. तिथल्या मंडळाच्या वर्गणीचे ते कित्येक वर्षं प्रमुख होते. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, मंडळाची पांगापांग झाली आणि काका मुलासुनेबरोबर जोगेश्वरीला आले. सामान फार आणता आलं नाही म्हणतात, पण वर्गणीप्रमुखपद तेवढं बरोबर घेऊन आले. आमच्याकडे 'देणगी' हा शब्द त्यांनी चालू दिला नाही. देणगी मोठी माणसं देतात, फोटो काढून. वर्गणी सगळे देतात, कारण मंडळ सगळ्यांचं असतं. हे त्यांचं म्हणणं.

चाळीत वर्गणीला जायचे जे काही रीतिरिवाज होते ते सगळे काकांनी जसेच्या तसे फोनला लावले. फोन उचलला गेला की पहिला प्रश्न, "येऊ का?" जुन्या देणगीदारांना ठाऊक आहे, ते म्हणतात, या या. नव्यांचे हाल होतात. अंधेरीच्या एका उंच इमारतीतल्या बाईंनी पहिल्यांदाच वर्गणी दिली होती, त्यांना पुढच्या वर्षी काकांनी असंच विचारलं. बाई गोंधळून म्हणाल्या, आत्ता? काका म्हणाले, हो, दारातच उभा आहे. बाईंनी एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने इंटरकॉमवरून वॉचमनला झापायला सुरुवात केली की न विचारता माणूस वर सोडलाच कसा. वॉचमन बिचारा जिने चढून वर आला, मजला रिकामा. इकडे काका शांतपणे बसून विचारतायत, वहिनी, एवढा आरडाओरडा कसला चाललाय तुमच्याकडे, नंतर येऊ का?

चहाचं तर विचारूच नका. बोलता बोलता पलीकडून कुणी सवयीने म्हटलं, घ्या काका चहा, की काका माझ्याकडे बघून भुवई उचलतात. मी, म्हणजे बी.कॉम. सेकंड क्लास, मागच्या स्टोव्हवर चहा टाकते. कप त्यांच्यासमोर आला की ते मोठ्याने भुरका मारतात, पलीकडे ऐकू जाईल असा, आणि मग अभिप्राय देतात. अभिप्राय माझ्या चहावर, पण जमा होतो समोरच्या घराच्या नावावर. घाटकोपरच्या एक वयस्कर बेन आहेत, स्वतःच्या चहाचा त्यांना फार अभिमान. त्यांना काका म्हणाले, "बेन, आज आलं जरा जास्त झालं." बेन भडकल्या. मारे घर में ऐसा चहा कभी बना नहीं, म्हणाल्या. अर्धा तास गुजराती, हिंदी आणि मराठीत मिळून भांडण झालं. चौथ्या दिवशी कुरियरने चहाच्या मसाल्याची बरणी आली, आत चिठ्ठी की हा वापरून बघा आणि मग बोला. तेव्हापासून काका बेनना फोन लावायचा असला की मला आधी बजावतात, बाय, आज आपण घाटकोपरला आहोत, त्यांचा मसाला टाक, नाहीतर माझी अब्रू जायची.

एकाने किती दिले ते दुसऱ्याला सांगायचं नाही, हा काकांचा कडक नियम. पण बोरिवलीला दोन सख्खे भाऊ राहतात, एकाच इमारतीत, वेगवेगळ्या विंगमध्ये, एकमेकांशी बोलणं बंद. दोघेही आमचे वर्गणीदार. धाकटा हमखास विचारतो, दादाने किती दिले? काका सांगत नाहीत. काका नुसता उसासा टाकतात. बस, एक लांब उसासा. त्या उसाशात काय असतं मला आजवर कळलेलं नाही, पण धाकटा गेल्या वर्षीपेक्षा वाढवून देतो. मग थोरला विचारतो, त्याने किती दिले? पुन्हा उसासा. काकांच्या उसाशांवर अभ्यासिकेचे दोन पंखे आणि पाण्याचा फिल्टर आलेला आहे. मी म्हटलं, काका, ही फसवणूक आहे. ते म्हणाले, फसवणूक कसली, माझा श्वास आहे.

आणि वेळकाळ. कुणाकडे कधी मागायचं आणि कधी नाही, हे काकांच्या डोक्यात पक्कं. घरात दहावीचं पोर असलं तर परीक्षा संपेपर्यंत त्या घराकडे फिरकायचं नाही. मढला एक होडीवाले आहेत, त्यांना पावसाळाभर काका फोन करतात, जाळी विणून झाली का, पोरगा कसा आहे, सगळं विचारतात, पण मागत नाहीत. नारळी पौर्णिमा होऊन होडी पाण्यात गेली, दोन फेऱ्या नीट झाल्या, की मग मागायचं. होडीवाले या अदबीवर इतके खूश झाले की एका वर्षी वर्गणीबरोबर त्यांनी सुक्या बोंबलांचं भलंमोठं गाठोडं अभ्यासिकेत पाठवून दिलं. तो आठवडा आमच्याकडे बसून ज्यांनी अकाउंट्सचा अभ्यास केला त्यांना ताळेबंद बघितला की अजून भूक लागते.

आमच्या सचिवबाईंना हे सगळं झेपत नसे. त्या मोठ्या कंपनीत आहेत, मनाने चांगल्या, पण त्यांना सगळं पटापट लागतं. एका फोनला पाऊण तास? त्यांनी एक मजकूर टाइप करून आणला आणि काकांना सांगितलं, फक्त एवढंच वाचायचं. काकांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि 'आपल्या बहुमूल्य वेळातील दोन मिनिटे मिळतील का' हे वाक्य पंचनामा वाचावा तशा आवाजात वाचलं. पलीकडचा मनुष्य आठ वर्षांपासूनचा वर्गणीदार. तो म्हणाला, लोन नकोय, आणि फोन ठेवला. काकांनी कागदाची घडी घातली आणि सचिवबाईंना परत दिली. उसासा तेवढा टाकला.

यातला काकांचा सगळ्यात मोठा नियम सुतकाचा. ज्या घरात माणूस गेलं त्या घराकडे वर्षभर मागायचं नाही. चाळीतही तसंच होतं म्हणे. वर्गणीवाली पोरं त्या दारापुढून आवाज न करता पुढे जायची. काका त्या घरी फोन करतात, चौकशी करतात, जेवण नीट जातंय का विचारतात आणि उठतात. वर्गणीचा व नाही. आम्हालाही ते बरं वाटायचं, माणुसकीचं वाटायचं. अडचण होईपर्यंत.

अडचण अशी झाली की आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. थंडीच्या दिवसांत बिल्डरचा माणूस येऊन सांगून गेला, फेब्रुवारीअखेर खोल्या रिकाम्या करा. बारावीची परीक्षा तोंडावर, दहावीची तिच्या मागोमाग. पोरांना घरी पाठवलं तर ती पुन्हा त्या खोकला, टीव्ही आणि मिक्सरच्या मध्ये. आमच्याकडे तेव्हा एक मुलगी होती, आई चार घरी धुणीभांडी करायची, ही बारावी सायन्सला. तिने मला विचारलं, ताई, मग मी बसू कुठे? त्याच संध्याकाळी मी जागा शोधायला निघाले. शेवटी जवळच एका गाळ्याच्या वर खोली मिळाली, पण मालकाला अनामत रक्कम आधी हवी होती. आकडा सांगत नाही. जोगेश्वरीत ज्यांनी जागा शोधलीय त्यांना अंदाज येईल, आणि ज्यांनी शोधली नाही त्यांनी सुखात राहावं.

काकांनी सगळ्या घरी फेऱ्या मारल्या. बेननी दिले, दोघा भावांनी उसाशाशिवाय दिले, मढहून आले. तरी मोठी रक्कम कमी पडत होती. सचिवबाई म्हणाल्या, मुलुंडच्या साहेबांना विचारा.

मुलुंडचे साहेब म्हणजे आमचे सगळ्यात जुने आणि सढळ वर्गणीदार. कारखान्यात इंजिनिअर होते, निवृत्त झाले. मुलगी परदेशात. त्यांच्याकडे फोन नेहमी त्यांच्या पत्नीच उचलायच्या आणि काकांचं अर्धं बोलणं त्यांच्याशीच व्हायचं. बाई श्रावणात वारल्या. काकांनी नंतर दर महिन्याला साहेबांना फोन केला, पण नियमाप्रमाणे काही मागितलं नाही.

"वर्ष झालं नाही," काका म्हणाले.

सचिवबाई म्हणाल्या, वर्ष होईपर्यंत पोरांच्या परीक्षा संपून निकाल लागलेले असतील. काका म्हणाले, मग दुसरीकडे बघा. बाईंचा पारा चढला. त्या म्हणाल्या, हा तुमच्या चाळीचा नियम, चाळसुद्धा आता राहिलेली नाही, आणि इथे आपली वाट लागतेय. काकांचा चेहरा उतरला. मीही बाईंच्याच बाजूने बोलले. मला सरळ बोलायची सवय आहे. म्हटलं, काका, ती धुणीभांडीवालीची पोर कुठे बसणार ते तुम्ही सांगा, मग मी गप्प बसते.

काका उठले, बाहेर जाऊन तोंड धुऊन आले, शर्टाची कॉलर नीट केली आणि फोन लावला. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर. आम्ही दोघी समोर.

"येऊ का साहेब?"

"या," साहेब म्हणाले. आवाज खोलातून आल्यासारखा.

काकांनी गुडघेदुखी विचारली, डबा कुठून येतो ते विचारलं, डबेवाली मीठ जास्त घालते यावर दोघांचं एकमत झालं. मुलीचा फोन येतो का विचारलं. मी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. सचिवबाई बोटांनी खुणा करतायत, आता विचारा, आता विचारा. काकांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी म्हणाले, बरं साहेब, येतो मग. सचिवबाईंनी कपाळाला हात लावला.

पलीकडून साहेब म्हणाले, "झालं?"

"झालं."

"काही मागायचं राहिलं नाही?"

"यंदा नाही साहेब. तुमच्या घरात..."

साहेब म्हणाले, "गणपतीला सोसायटीतली पोरं आमच्या मजल्यावर आली. बाकीची तिन्ही दारं वाजवली. माझं सोडून. नवरात्रात तेच. लग्नाच्या पत्रिका येत नाहीत, दिवाळीचा फराळ खाली वॉचमनकडे ठेवून जातात. सगळे फार चांगले आहेत हो, कुणी वाईट नाही. पण गेली ती, आणि दार माझं बंद केलंत तुम्ही लोकांनी. निदान तुम्ही तरी मागा."

मी काकांकडे बघितलं. ज्या माणसाने आयुष्यभर मागण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याला आता मागता येईना. त्यांनी गार झालेला चहा हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला.

"मग मी येतो," ते म्हणाले.

"आलाच आहात की."

"नाही साहेब. खरा येतो."

आम्ही दोघं बसने मुलुंडला गेलो. काका वाटभर शर्टाच्या बाह्या ओढत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खऱ्या दारात जायचं म्हणून त्यांना धडकी भरलेली. लिफ्टने वर गेलो. मजल्यावर चार दारं, साहेबांच्या दारावर पितळी पाटी, बाजूला बेल. मी बेलकडे हात नेला तर काकांनी मला थांबवलं. चपला काढल्या, जिन्याकडे एक नजर टाकली आणि चाळीत मारत असतील तशी दारावर तळहाताने थाप मारून खच्चून ओरडले, "वर्गणीऽऽ!"

तो आवाज चाळीसाठी घडलेला. चाळीत तो तीन मजल्यांना पुरायचा, इथे एका पॅसेजमध्ये कोंडला. चारही दारं उघडली. एका दारातून आजोबा, एका दारातून कुत्रा, समोरच्या दारातून कणकेने माखलेल्या हातांची एक तरुण सूनबाई. आणि आमच्या पुढ्यातल्या दारात साहेब. उंच, वाळलेले, स्वेटरचं बटण चुकून वरच्या काजात लावलेलं. ते काकांकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले.

"किती पाहिजे?" साहेबांनी विचारलं.

काकांनी तिथेच, उंबऱ्याबाहेर उभं राहून, चार दारं ऐकतील अशा आवाजात पोरांच्या परीक्षा, बिल्डर, नवी खोली, सगळं सांगितलं आणि वर्गणी मागितली. रोखठोक मागितली, आडपडदा नाही. साहेब म्हणाले, आत तरी या, चेकबुक शोधायला लागेल.

तेवढ्यात समोरची सूनबाई चाचरत म्हणाली, "अंकल, खरं तर होळीची वर्गणी चालू आहे बिल्डिंगची. आम्ही यंदा तुमच्याकडे..."

"का? यंदा मी दुसरीकडे राहायला गेलोय?"

"तसं नाही अंकल, आम्हाला वाटलं..."

"पावतीपुस्तक आण."

ती धावत आत गेली. कणकेच्या हातांनीच पावती लिहायला लागली, मध्येच थांबली आणि हळूच म्हणाली, आंटींच्या नावाने करू का?

"माझ्या नावाने कर," साहेब म्हणाले. "मी आहे ना."

काकांनी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि नाव पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट, म्हणून तिला दम दिला. मग आम्ही आत गेलो. साहेबांनी स्वतः चहा केला. इतका भयंकर चहा मी आयुष्यात प्यायले नाही. पत्तीचं आणि साखरेचं प्रमाण कुणीतरी उलटं सांगितलेलं असावं. मी काकांच्या तोंडाकडे बघत होते, आता अभिप्राय येणार. काकांनी कप तळापर्यंत रिकामा केला. "झकास," म्हणाले, आणि आणखी अर्धा मागून घेतला.

अनामत भरली गेली. पोरं नव्या खोलीत बसली, ती सायन्सवाली मुलगी तर खिडकीजवळची जागा धरून बसली. सचिवबाईंनी काकांना त्यांची पद्धत वापरायची मुभा दिली, म्हणजे काका आधीही तीच वापरत होते. साहेब आता महिन्यातून एका रविवारी मुलुंडहून येतात आणि पोरांना गणित शिकवतात. सुतकाचा नियम काकांनी मोडला असं म्हणता येणार नाही. अशा घरी ते आताही फोन करतात, चौकशी करतात, फक्त उठताना सांगतात, वर्गणी चालू आहे बरं का. एवढंच. पुढचं त्या घरावर सोडतात.

त्या दिवशी मुलुंडहून परतताना आम्हाला बसमध्ये मागची सीट मिळाली. मी खुशीत होते, बडबडत होते. काका मात्र खिडकीबाहेर बघत बसलेले. पवईचा तलाव मागे पडला तरी तसेच. मी विचारलं, काका, बरं वाटत नाही का?

ते म्हणाले, "माझी बायको गेली ना बाय, त्या वर्षी मी वर्गणीवाल्या पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या दारावर थांबू नका. नियम तो नियम."

"बरोबर केलंत," मी म्हटलं.

"तरी पोरं फिरायला निघाली त्या दिवशी वर्गणी काढून हातात घेऊन बसलो होतो. कशाला, काय माहीत." काका खिडकीबाहेरच बघत होते. "पलीकडच्या दारावर थाप पडली. मग पावलं माझ्यापाशी आली. चाळीची जमीन लाकडाची, सगळं ऐकू यायचं. पोरं जरा हळू झाली माझ्या दारापुढे, एवढं कळलं मला. मग पुढच्या दारावर थाप पडली."